झोआ मिटून बसले तर: रात्रीची तपासणी, डिप आणि अंड्यांचा हिशेब

आमच्या कोथरूडच्या घरात खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोरची खुर्ची आईची. टाकीत झोआ आहेत, म्हणजे झोआंथिड: चटईसारखे पसरणारे, फुलांसारखे दिसणारे समुद्री जीव. सकाळचा चहा ती तिथेच घेते. गौरी-गणपती उरकल्यावर एका सकाळी मी दवाखान्यात निघाले होते, तेव्हा ती म्हणाली, “अगं, तो डावीकडचा हिरवा गुच्छ आज तिसऱ्या दिवशीही उघडला नाही. बाकी सगळे फुललेत.” मी वाकून पाहिलं. आदल्या रात्रीच पाणी तपासलं होतं आणि आकडे ठीक होते. दोन दिवसांत उघडेल असं म्हणून मी गेले. पुढच्या तीन आठवड्यांत त्या कोपऱ्यातल्या साठ-पासष्ट पॉलिपांपैकी, म्हणजे गुच्छातल्या एकेका ‘फुलां’पैकी, जेमतेम वीस उरले.

आईच्या त्या वाक्यात अर्धं निदान होतं. एकच गुच्छ मिटलेला आणि शेजारचे सगळे उघडे असतील, तर कोणीतरी खातंय किंवा सतावतंय असं समजा. सगळेच मिटले असतील तर आधी पाण्याकडे वळा. एप्रिल-मेच्या पुणेरी उन्हाळ्यात टाकीचं पाणी भराभर उडतं आणि क्षारता वर सरकते. १.०२५ विशिष्ट गुरुत्वावर ठेवलेली टाकी दोन दिवस कुणी पाणी न भरल्यास कुठल्या कुठे जाते. त्यामुळे क्षारता, तापमान, अल्कलिनिटी, नायट्रेट, फॉस्फेट आधी मोजा. नुकताच दिवा बदलला असेल किंवा जागा हलवली असेल, तर तेही आठवून बघा. हे सगळं जागेवर असूनही एकच गुच्छ चार दिवस मिटलेला राहिला, तर पाचव्या दिवसाची वाट पाहू नका.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझ्या साडेतीन फुटी टाकीत झोआंथिड, मशरूम आणि एक लेदर एवढंच आहे, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले मऊ जीव. दगडी सांगाड्याची सगळी प्रवाळं, सी फॅन, ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप आणि फायर कोरल २००१ सालापासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. कोकणात ओहोटीला खडकांवर झोआंथिडांच्या चटया उघड्या पडतात. मालवण-रत्नागिरीकडे फिरलेल्यांनी त्या पाहिल्या असतील. मालवणचा किनारा तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून दगडाचा तुकडाही उचलून आणू नका. खाली लिहिलेलं सगळं झोआंथिडांना धरून आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या टाकीत तेच असतात आणि त्यांना खाणारे जीव ठरावीक आहेत.

आता तपासणी. दिवसा काही सापडत नाही, कारण हे जीव उजेडात बुडाशी, प्लगखाली (गुच्छ ज्या छोट्या चकतीवर चिकटवलेला असतो तिच्याखाली), दगडाच्या भेगेत दडून राहतात. माझे दिवे साडेनऊला बंद होतात, मी साडेअकराला बघते. टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटिन कागद बांधा. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात तो मिळतो. पांढऱ्या उजेडाने जे पळतं ते लाल उजेडात बऱ्यापैकी निवांत राहतं. पंप बंद करून पाणी शांत होऊ द्या, आणि मग मिटलेल्या गुच्छाच्या देठांमध्ये, खालच्या चटईवर आणि प्लगच्या कडेला बघा. पॉलिपच्या तोंडाकडे बघत बसू नका. शत्रू खाली असतो.

मी दातांची डॉक्टर आहे, आणि या कामात माझी जुनी हत्यारं जेवढी उपयोगी पडली तेवढं दुकानातलं काही पडलं नाही. तोंडात बघायचा छोटा आरसा घेतला तर फ्रॅग, म्हणजे प्लगवर लावलेला गुच्छाचा तुकडा, न हलवता त्याच्या खालची बाजू दिसते. डोळ्यांवर लूप्स लावल्या की दोन मिलिमीटरची अंड्यांची माळ स्पष्ट होते. तुमच्याकडे लूप्स नसतील तर घड्याळजी वापरतात तसं भिंग चालेल. मी वापरते तो संच दवाखान्यातून कायमचा बाद केलेला आहे आणि तिकडे परत जात नाही. खाऱ्या पाण्यात स्टीलसुद्धा गंजतं, म्हणून काम संपलं की तो लगेच आरओच्या पाण्यात बुडवून पुसून ठेवते.

त्या रात्री मला दिसला तो न्यूडीब्रँक, शंख नसलेली समुद्री गोगलगाय. झोआ खाणारा हा न्यूडीब्रँक पहिल्यांदा दिसला तर डोळ्यांवर विश्वास बसत नाही, कारण तो पॉलिपसारखाच दिसतो. पाठीवर बोटांसारखे तंतू असतात आणि जो झोआ खाल्ला त्याचाच रंग त्यांना येतो. झोआच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवालं तो पचवून टाकत नाही, स्वतःच्या अंगात साठवून ठेवतो. हिरवा झोआ खाणारा हिरवट, नारिंगी खाणारा नारिंगी. म्हणून रंगावरून शोधू नका, हालचालीवरून शोधा. मोठ्या पिचकारीने किंवा २० मिलीच्या सिरिंजने गुच्छावर पाण्याचा झोत मारा. झोआ देठासकट एकदम आकसतो. न्यूडीब्रँक सुटून तरंगतो नाहीतर चिकटून राहून तंतू हलवतो. माझ्या त्या एका गुच्छात पहिल्या रात्री सात निघाले. सर्वांत मोठा सेंटिमीटरभर होता, सर्वांत लहान साबुदाण्याच्या न भिजलेल्या दाण्याएवढा.

अंडी ओळखणं त्याहून महत्त्वाचं. पांढरट, जेलीसारखी, गुंडाळीच्या किंवा वेटोळ्याच्या आकारात देठावर, चटईच्या कडेखाली आणि बहुतेकदा प्लगच्या खालच्या बाजूला चिकटलेली असतात. एखादी गुंडाळी तांदळाच्या दाण्याएवढी असते, पण तिच्यात अंडी पुष्कळ असतात.

दुसरा शत्रू सनडायल गोगलगाय. चपटा, जिन्यासारखा वळत गेलेला शंख, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी. दिसायला इतकी सुंदर की काहीजण मुद्दाम ठेवून घेतात. ठेवू नका, ती झोआ खाऊनच जगते. तिची खूण म्हणजे तोंडावरचं झाकण. बहुतेक गोगलगाईंचं झाकण सपाट असतं, हिचं शंकूसारखं वर आलेलं असतं. ते घट्ट लावून ती आत बसली की डिपचं, म्हणजे फ्रॅग बुडवून धुवायच्या पाण्यातलं, औषध आत पोचतच नाही. दहा मिनिटं आयोडीनमध्ये राहून ती निवांत बाहेर येते. तिच्यावर औषध वाया घालवू नका. चिमट्याने उचला, आणि एक सापडली की आणखी असतील असं धरून पुढच्या चार-पाच रात्री शोधा.

तिसरा समुद्री कोळी. गुच्छात तपकिरी दोऱ्याचा गुंता अडकलाय असं वाटतं, आणि तो गुंता हळूच पाय उचलतो. शरीर नावालाच असतं, सगळे पायच. सोंड खुपसून तो पॉलिपमधला रस ओढून घेतो, त्यामुळे पॉलिप मरण्याआधी दिवसेंदिवस सुकत जातो. यात एक दिलासा आहे. समुद्री कोळ्यात अंडी नर स्वतःच्या अंगावर वागवतो, पुढच्या खास पायांना चिकटवून. नर उचलला तर अंडीही गेली.

इतरांबद्दल थोडक्यात सांगते, कारण घाबरून निर्दोष जीव मारले जातात आणि ते मला बघवत नाही. मेलेल्या पॉलिपवर कोलंबीसारखे छोटे अँफिपॉड दिसले तर ते उरलंसुरलं साफ करत असतात. खून दुसऱ्याने केलेला असतो. गुलाबी अंगाचा, पांढऱ्या केसांचा ब्रिसल वर्म टाकीचा सफाई कामगार आहे, हातमोज्याशिवाय हात लावू नका एवढंच. छोट्या अॅस्टेरिना चांदण्या (तारामासे) बहुतेक काचेवरचं शेवाळ खातात. मात्र एखादी चांदणी रोज रात्री झोआवरच बसलेली आढळली आणि ती उठल्यावर खाली पांढरा डाग दिसला, तर तेवढी काढा. केसाळ, काळ्या नांग्यांचा खेकडा दिसला तर काचेचा पेला भिंतीला तिरका टेकवून ठेवा आणि आत कोलंबीचा तुकडा टाका. गणेश पेठेतून आणलेल्या ताज्या कोलंबीवर माझ्याकडचा खेकडा दुसऱ्याच रात्री आत उतरला. गुळगुळीत काचेवरून त्याला परत चढता आलं नाही.

आता हात घालण्याआधीची गोष्ट, आणि हा परिच्छेद कृपा करून वगळू नका. झोआंथिडांमध्ये, विशेषतः त्यांच्यातल्या पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन असू शकतं. हे विष १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआपासून वेगळं केलं गेलं, आणि निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांमध्ये त्याची गणना होते. त्यावर उतारा नाही. कुठला झोआ विषारी आणि कुठला नाही हे बघून सांगता येत नाही. म्हणून नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर गॉगल किंवा चेहऱ्यावर शील्ड, हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम नाही. कापताना पॉलिप पिचकारीसारखं पाणी उडवतो, चेहरा लांब ठेवा. आणि किडे मारायला दगड उकळायचा, त्यावर गरम पाणी ओतायचं किंवा तो भांड्यात तापवायचा विचारसुद्धा करू नका. त्या वाफेतून विष श्वासात जातं, आणि एका दगडापायी घरातली सगळी माणसं रुग्णालयात पोचल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. कापाकापीनंतर तोंडाला कडवट, धातूसारखी चव आली, धाप लागली, अंग दुखून ताप भरला, तर थेट रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा. आमच्या अभ्यासक्रमात तो कधी आला नव्हता, समोरच्या डॉक्टरांच्याही आला नसेल. काम स्वयंपाकघरात करू नका. मी बाथरूमच्या ओट्यावर, खिडकी उघडी ठेवून करते, आणि तेवढा वेळ आई आतल्या खोलीत असते.

डिपसाठी तीन पांढरे डबे लागतात. मी किलोचे श्रीखंडाचे रिकामे डबे वापरते. पांढऱ्या तळावर गळून पडलेला किडा लगेच दिसतो, आणि किती पडले हे मोजता येतं. मोजायलाच हवं, कारण पुढच्या खेपेला आकडा कमी झाला का हेच तुमचं मोजमाप आहे.

पहिल्या डब्यात गोडं पाणी, आरओचं. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारीच भरून ठेवते. तापमान टाकीइतकंच हवं, २५-२६ अंश. थंडीत पुण्याचं नळाचं पाणी किती गार असतं ते ठाऊक आहे, तेव्हा हातावर विसंबू नका, थर्मामीटर बुडवा. त्यात चिमूटभर खायचा सोडा घाला, म्हणजे पीएच समुद्राच्या पाण्याच्या जवळ, आठच्या थोडा वर येतो. फ्रॅग आत धरा, सिरिंजने देठांमध्ये झोत मारत राहा. झोआ हे एक मिनिट सोसतात, धडधाकट गुच्छ दोनही सोसतो. न्यूडीब्रँक आणि कोळी आकसून सुटतात. लेदरला हे गोडं पाणी देऊ नका, त्याला आयोडीनचाच डिप पुरे.

दुसऱ्या डब्यात टाकीतलंच पाणी आणि आयोडीन. तयार कोरल डिप असेल तर बाटलीवरचं प्रमाण पाळा. ल्युगोल्स आयोडीन वापरत असाल तर थेंब-थेंब टाकत पाण्याला फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईपर्यंतच. दहा मिनिटं ठेवा, दर दोन मिनिटांनी झोत मारा. जखम धुतो ती पोव्हिडोन-आयोडीनची बाटली माझ्या हाताशीच असते, तरी मी ती वापरत नाही. काही बाटल्यांत फेस आणणारी द्रव्यं असतात आणि ती टाकीत गेली तर स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) उतू जातो.

तिसऱ्या डब्यात स्वच्छ टाकीचं पाणी. खळखळून धुवा. वापरलेलं पाणी टाकीत परत टाकू नका, संडासात ओता.

इथे बहुतेकजण थांबतात, आणि मीही त्या पहिल्या रात्री थांबले होते. सात किडे मारून, गुच्छ धुऊन, परत टाकीत ठेवून मी समाधानाने झोपले. नवव्या दिवशी पुन्हा पाच निघाले, सगळे लहान. डिपने हालचाल करणारा जीव मरतो, अंडं मरत नाही. अंड्याभोवतीच्या जेलीतून औषध आत जात नाही. हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे चाळीस पॉलिप वाचले असते.

म्हणून अंडी हाताने काढायची. लूप्स लावून, प्रोबच्या (दात तपासायच्या अणकुचीदार हत्याराच्या) टोकाने गुंडाळीच्या कडेखाली शिरून, खरवडून नाही तर उचलून काढायची. दातावरचं कीटण काढतो तसंच, तिरकं टोक आणि हलका हात. जोर लावला की गुंडाळी फाटून अंडी विखुरतात. त्याहून चांगला उपाय म्हणजे प्लगच टाकून देणं. धारदार ब्लेडने चटई प्लगपासून अलगद सोडवा, खालचा भाग आरशात तपासा, आणि नव्या कोरड्या प्लगवर जेलसारख्या घट्ट सायनोअॅक्रिलेट गोंदाने बसवा. जुन्या प्लगच्या भोकात, खाचेत, गोंदाच्या फटीत काय लपलंय ते कोणालाच दिसत नाही. नवा प्लग काही रुपयांचा असतो.

एवढं करूनही एखादी गुंडाळी राहून जाते असं धरून चला. टाकीच्या तापमानाला अंडी साधारण आठवड्याभरात फुटतात आणि बाहेर आलेलं पिल्लू स्वतः अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला आणखी काही दिवस लागतात. डिप या दोन घटनांच्या मध्ये पडायला हवा. मी दर सहाव्या दिवशी डिप करते, असे पाच. पहिला डिप मोठ्यांसाठी, पुढचे मधल्या काळात फुटलेल्यांसाठी. शेवटच्या दोन डिपांत डबा पूर्ण रिकामा राहिला पाहिजे. चौथ्या डिपला एक जरी पडला तरी मोजणी पुन्हा एकपासून. आईने आमच्या कालनिर्णयवर त्या तारखांना लाल गोल केले होते, संकष्टीच्या शेजारी डिप. एकदा दवाखान्यातून उशिरा आल्यामुळे मी उद्यावर ढकलत होते, तर तिने डबे आधीच मांडून ठेवले होते. “आई, उद्या केलं तर चालेल गं,” म्हटलं. “अंडी थांबतील का तुझ्यासाठी?” एवढंच ती म्हणाली.

या काळात फ्रॅग कुठे ठेवायचे? मुख्य टाकीत अजिबात नाही. वीस लिटरची साधी काचेची टाकी, छोटा हीटर, स्पंज फिल्टर, एक बऱ्यापैकी एलईडी. वाळू नको, दगड नको, तळ उघडा, म्हणजे लपायला जागा नाही. आठवड्याला पाव पाणी बदला. आणि एक मोठा फायदा असा की हा न्यूडीब्रँक झोआंथिडांशिवाय दुसरं काही खात नाही. मुख्य टाकीतले सगळे झोआ बाहेर काढता आले, तर आत राहिलेले उपाशी मरतात. मी सहा आठवडे मुख्य टाकी झोआविना ठेवली. डावा कोपरा रिकामा बघणं जड गेलं, पण परत ठेवल्यावर पुन्हा एकही निघाला नाही.

मोठ्या दगडावर चटई पसरली असेल आणि तो दगड काढणं शक्यच नसेल, तर रोज रात्री झोत, सायफन आणि चिमटा हाच मार्ग, जोडीला एखादा रॅस मासा. सिक्स-लाइन रॅस किंवा पिवळा कोरिस दिवसभर दगड टिपत फिरतो आणि छोटे न्यूडीब्रँक, छोट्या गोगलगायी खातो. पण तो दिवसाचा मासा, रात्री झोपतो, आणि शत्रू रात्रीचा. त्याच्याने संख्या आटोक्यात राहते, नायनाट होत नाही. पिवळ्या कोरिसला झोपायला वाळू लागते. सिक्स-लाइन मोठा झाला की नव्या माशांना छळतो. नुसत्या औषधासारखा मासा विकत आणू नका. तो जीव आहे, पुढची कित्येक वर्षं त्याला सांभाळायचं आहे.

एप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलाबद्दल (अॅनिमोन) मला बरेचजण विचारतात. तो झोआ खात नाही, डंख मारून जागा बळकावतो. त्याला खरवडू नका, राहिलेल्या प्रत्येक कणातून नवा उगवतो. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट घेऊन पंप बंद करा आणि त्याच्या तोंडावर हळूच सोडा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे आपला चुनाच, रूट कॅनालमध्ये मी रोज वापरते तो. पानाचा चुना मात्र नको, त्यात काय मिसळलंय ते आपल्या हातात नाही. एका बैठकीत चार-पाचच करा, नाहीतर टाकीचा पीएच चढतो. पेपरमिंट कोळंबीही एप्टेशिया खाते. घेताना नीट बघा, कारण तिच्यासारखी दिसणारी, पाठीला कुबड असलेली आणि अंगावर ठसठशीत लाल-पांढरे पट्टे असलेली कॅमल कोळंबी त्याच नावाने हाती पडू शकते, आणि ती झोआच कुरतडते.

माझ्याकडे हा सगळा प्रकार आला तो सणाच्या गडबडीत, न तपासता सोडलेल्या तीन नव्या फ्रॅगांबरोबर. आता मित्राने दिलेला, दुकानातला, अगदी ‘माझ्या टाकीत काही नाही’ असं सांगून दिलेला प्रत्येक फ्रॅग दारातच प्लग बदलून, डिप होऊन छोट्या टाकीत जातो आणि सहा आठवडे तिथेच राहतो. मुख्य टाकीत आल्यावरही पहिले पंधरा दिवस तो दगडाला चिकटवू नका. हात पोचेल अशा जागी नुसता टेकवून ठेवा, आणि दर दोन-तीन रात्रींनी उचलून आरशात त्याचा तळ बघा.